नेहमीचे, सोडून दिले

नाशिकला जाणारे बहुतेक लोक त्र्यंबकेश्वराला जातात, नाहीतर वणीच्या देवीला. मी गेले ती एका भुंगीला नवरा शोधायला. असं सांगितलं की लोक हसतात. मलाही त्याचं वाईट वाटत नाही, कारण माझा दादा होता तेव्हा मीही अशीच हसायचे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नाशिक रोडला एका छोट्या छापखान्यात प्रूफं वाचायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईच्या खुणा केल्या आणि सुट्टीच्या दिवशी पाण्यातले भुंगे गोळा केले. शिक्षण वाणिज्य शाखेचं. जीवशास्त्र शिकवायचे मी, कोल्हापूरच्या शाळेत, निवृत्त होईपर्यंत. म्हणजे किडे खरं तर माझ्या वाट्याचे. पण मी पुस्तकातले शिकवले आणि त्याने गुडघाभर चिखलात उभं राहून पाहिले. गेल्या शिमग्याच्या आसपास तो झोपेतच गेला.

दिवाळी झाल्यावर वहिनींचा फोन आला. "वन्सं, मी बंगळूरला मुलीकडे राहायला जातेय. घर आवरायला काढलंय. ह्यांच्या पेट्यांचं काय करू? आणि तो वणीकडचा शेतकरी फोन करून विचारत होता, साहेबांचं कुणी येणार आहे का म्हणून. येत्या गुरुवारी तो तळं खणून घेतोय."

हे तळं काय प्रकरण आहे ते मला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी त्या तळ्यात दादाला ज्वारीच्या दाण्याएवढा एक भुंगा सापडला होता. मळकट तपकिरी, अंगावर चमक अशी नाहीच. कुठल्याच पुस्तकात तो बसेना. पुण्याच्या एका अभ्यासक बाईंना त्याने नमुने पाठवले. त्यांनी कळवलं की जात नवी दिसते आहे, पण सगळ्या माद्या आहेत. या भुंग्यांच्या जाती नराच्या पोटातल्या इंद्रियावरून पक्क्या करतात. नराशिवाय नाव देता येणार नाही. तेव्हापासून दादा त्या एका नराच्या मागे होता. तो सापडायच्या आधी दादा गेला आणि आता तळंच जायचं होतं. माझ्या हातात चार दिवस होते. मी पिशवी भरली.

नाशिक रोड

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, पाय सुजले एवढंच. वहिनी दारातच उभ्या होत्या. दादा गेल्यानंतर दहाव्या-बाराव्याला भेटलो तेवढंच. तेव्हा माणसं होती, आता घरात खोकी होती. त्यांनी हुलग्याचे शेंगोळे केले होते, लसूण-जिऱ्याच्या रश्शात शिजवलेले. आमच्या घरी हुलग्याचं माडगं होतं आणि तेही कुणी आजारी असलं तर. इथे मात्र पाहुण्याला कौतुकाने शेंगोळे वाढतात. मी दोनदा घेतले. वहिनींनी अर्धी वाटीच घेतली आणि तीही संपवली नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं. मिठाईचे खोके होते, आत थर्माकोल, त्यावर ओळीने टाचण्या. प्रत्येक टाचणीला कागदाचा इवलासा त्रिकोण, त्याच्या टोकाला डिंकाने चिकटवलेला भुंगा आणि खाली नखाएवढं लेबल. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात शिरला. अक्षर दादाचंच, मुंगीएवढं पण सुबक.

"माझ्या तीन चाळण्या गेल्या यात," वहिनी म्हणाल्या. "पिठाची चाळण घ्यायची, बांबूला बांधायची आणि जायचं. एकदा तर पाहुणे जेवायला यायचे होते. पुऱ्या करायच्या होत्या मला."

"मग काय केलंत?"

"शेजारून आणली. आणि काय करणार?"

त्या हे चिडून सांगत नव्हत्या. ज्याच्यावर चिडायचं ते माणूस समोर नसलं की तक्रारीही अशा सपाट होतात. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून दादाची वही उघडली. तारीख, तळं, पाण्याची खोली, काय सापडलं, किती ठेवले, किती सोडले. दादा हावरट नव्हता. हवे तेवढे दोन-तीन ठेवायचा, बाकीचे पाण्यात सोडून द्यायचा. वणीकडच्या तळ्याच्या प्रत्येक पानावर साधारण एकच मजकूर होता. 'मळकट, सर्व माद्या. नर नाही.' आणि त्याखाली, 'नेहमीचे चकचकीत, सोडून दिले.'

नेहमीचे म्हणजे याच कुळातली एक साधी जात. नाशिकच्या आसपास बहुतेक तळ्यांत ती असते. आकार तोच, पण पाठ तेल लावल्यासारखी गुळगुळीत. दादाने पहिल्याच वर्षी गंगापूरकडच्या एका डबक्यातली पकडून, पुस्तकाशी ताडून, नाव लिहून ठेवलं होतं.

एकदा फोनवर त्याने मला सगळं वर्गीकरण समजावलं होतं. "शैले, पाण्यातला भुंगा श्वासाला वर येतोच. शेपटीकडून वर आला तर शिकारी, डोक्याकडून आला तर पालापाचोळा खाणारा. शिकारी मागचे दोन्ही पाय वल्ह्यासारखे एकदम मारतो, दुसरा एकेक करून चालवतो. आणि पाण्यावरच गिरक्या घेतात त्यांचे डोळे दोन मजली, वरचे आकाश बघायला, खालचे पाणी बघायला. एवढं कळलं की निम्मं काम झालं." मी तेव्हा फोन ओट्यावर ठेवून गवार निवडत होते. मध्येमध्ये हं म्हणत होते. तो शेवटी म्हणाला होता, "नर सापडला की तुला पहिला फोन." मी म्हणाले, "बरं, बरं." हे मला आठवतं आणि माझी मलाच लाज वाटते.

वणीच्या गाडीत

सकाळी वहिनींनी चौथी चाळण दिली. बांबू दादाचाच, हाताच्या पकडीने गुळगुळीत झालेला. काचेच्या नळ्या, स्पिरिटची बाटली, पांढरा ट्रे, भिंग आणि दादाची वही. नाशिकच्या स्टँडवर वणीची गाडी लागेपर्यंत मिसळ खाल्ली. मी कोल्हापूरची, तेव्हा मिसळीवर बोलायचा मला अधिकार आहे असं मी धरून चालते. इथे सोबत पापड देतात, वर दही देतात, आणि रस्सा काळ्या मसाल्याचा. डोळ्यांत पाणी येत नाही. मालकाने विचारलं, "कशी हाय मावशी?" मी म्हटलं, "चांगली आहे, पण मिसळ नाही ही." तो हसला आणि रस्सा पुन्हा वाढून गेला. माणसं गोड आहेत, तिखटाचं काही खरं नाही.

गाडी देवीच्या भक्तांनी भरलेली. शेजारी येवल्याकडची एक बाई होती, मांडीवर नारळाची पिशवी. तिने माझ्या बांबूला बांधलेल्या चाळणीकडे दिंडोरीपर्यंत बघितलं आणि मग तिला राहवेना.

"गडावं चाळन कशाला न्यायली, ताई? नवस हे का?"

"गडावर नाही जात मी. अलीकडेच उतरणार. तळ्यातले किडे धरायचेत."

"अगं बया! इथवर येऊन आईला न भेटता जानार?" तिने पिशवीतून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "घ्या. तुमच्या वाटचं मी पाया पडन. काय मागू?"

मी म्हटलं, "एक नर मिळू दे म्हणावं."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मग मी तिला खरं काय ते सांगितलं. दादा गेल्याचं ऐकून तिने माझा हात धरला तो मी उतरेपर्यंत सोडला नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव होते, छाटणी होऊन नवी पालवी फुटलेली. मधूनमधून चौकोनी शेततळी. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, कडेला तारेचं कुंपण. इकडे त्या प्लास्टिकला कागद म्हणतात.

फाट्यावर निवृत्तीभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. हेच ते शेतकरी. पन्नाशीचे, कपाळाला गंध, टोपी थोडी मागे सरकलेली. मागच्या सीटवर मी, एका हातात बांबू, दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा. ओढ्यापाशी माझी चप्पल पडली आणि ते कळलं घरी पोचल्यावर. परत जाऊन पाहिलं तर कुत्र्याने पट्टा खाल्लेला. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या बायकोची, मंदाबाईंची, रबरी चप्पल घातली. ती एक बोट लांब होती आणि चिखलात तिने मला दोनदा आपटलं.

तळं

टेकडीच्या पायथ्याशी, बांधाच्या खाली, काळ्या दगडांच्या बेचक्यात ते तळं होतं. आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांएवढं असेल. वरून एक झिरा सतत पाझरत होता. काठाला लव्हाळं, आत पाणगवत आणि तळाशी सडलेल्या पानांचा लोण्यासारखा मऊ गाळ. दादा या तळ्यावर बारा वर्षं का येत राहिला ते मला काठावर उभं राहिल्यावर कळलं. पाण्यात खालपर्यंत दिसत होतं आणि सगळं हलत होतं. वर गिरक्या घेणारे, खाली वल्ही मारणारे, एखादा शेपटी वर करून हवेचा थेंब घेऊन पुन्हा बुडणारा. काठाला मात्र काळ्या कागदाची जाड गुंडाळी येऊन पडलेली होती.

मंदाबाईंनी कोरा चहा आणला. "साहेब दूध घालू द्यायचे नाय," त्या म्हणाल्या. "इथंच बसायचे, त्या दगडावं. पाय पान्यात. आन् किड्यांशी बोलायचे."

"काय बोलायचे?"

"नाय बा कळायचं. पर लय मायेनं बोलायचे."

मी साडी खोचून पाण्यात उतरले. चाळण गाळाला लावून गवताच्या मुळांतून ओढायची, ट्रेमध्ये उलटी करायची, गाळ बसला की बघायचं. संध्याकाळपर्यंत नऊ मळकट मिळाले. प्रत्येकाला भिंगाखाली धरलं. नराचे पुढचे पाय रुंद असतात, खाली बारीक केसांची गादी, मादीला धरून ठेवण्यासाठी. नऊच्या नऊ माद्या. चकचकीत बरेच आले. तेव्हा दादाचीच वही पुढे ठेवून, त्याच्याच खाली, त्याच शब्दांत मी लिहिलं: 'नेहमीचे चकचकीत, सोडून दिले.' आणि दिले सोडून.

जेवताना मी निवृत्तीभाऊंना विचारलं, गुरुवार पुढे नाही का ढकलता येणार? विचारतानाच मला कसंतरी झालं.

त्यांनी उचललेला घास ताटात परत ठेवला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. "ताई, दोन वर्सं ढकललं ना. साहेब म्हन्ले, निवृत्ती, एक साल थांब, नर घावला की मंग कर तुला काय करायचं ते. मी म्हन्लं थांबतो. मंग आजून एक साल थांबलो. पर झिरा आता मार्चलाच आटतो. बागेला उन्हाळ्यात पानी कुठून देऊ? कागद टाकला, तर साठून तरी ऱ्हातं."

"आणि एका कोपऱ्यात थोडा चिखल तसाच ठेवला तर?"

"गवताच्या मुळ्या कागद फाडत्यात."

दोन वर्षं त्यांनी दादासाठी थांबून काढली हेच मला माहीत नव्हतं. दादाने सांगितलं असेलही. मी तेव्हा काहीतरी निवडत असेन.

बुधवारी सकाळी सातालाच पाण्यात उतरले. ऊन टेकडीवरून खाली आलं नव्हतं, पाणी गार होतं. तिसऱ्या की चौथ्या चाळणीत एक जोडी आली. मळकट मादी, आणि तिच्या पाठीवर घट्ट धरून बसलेला, तेल लावल्यासारखा चकचकीत.

मला वाटलं, चुकून बसला असेल. किड्यांचंही चुकतं. ट्रे हलवला, ते सुटेनात. भिंग लावलं. त्याचे पुढचे पाय रुंद होते, तिच्या कडेला रुतलेले.

मी ट्रे दगडावर ठेवला आणि बाकीचे चकचकीत एकेक करून बघायला लागले. पहिला नर. दुसरा नर. पाचवा नर. अकरा होते, अकराही नर. मग माझ्या डोक्यात जे आलं ते आमच्या आठवीच्या मुलीलाही सुचलं असतं. या तळ्यात एक जात अशी होती जिला नर नाही, आणि एक जात अशी जिला मादी नाही. पहिल्या जातीचा नर दादा बारा वर्षं शोधत होता. दुसऱ्या जातीची मादी कुठे आहे, हे त्याने कधी विचारलंच नाही. पहिल्या वर्षी दुसऱ्या डबक्यातल्या भुंग्याला नाव दिलं, आणि हा तसाच दिसतो म्हणून यालाही तेच नाव. एकदा नाव दिल्यावर माणूस पुन्हा निरखून बघत नाही. जन्मभर प्रूफं वाचलेल्या माझ्या भावानेही बघितलं नाही.

वही उघडी होती. पानापानावर तेच होतं. नेहमीचे, सोडून दिले. नेहमीचे, सोडून दिले. शेवटचं माझ्या हातचं.

मी काठावर बसले आणि मोठ्याने रडले. दादा गेला तेव्हा मी अशी रडले नव्हते. तेव्हा माणसं होती, विधी होते, चहा करायचा होता. मंदाबाई धावत आल्या. "काय झालं? इंचू चावला का?" निवृत्तीभाऊ मागोमाग आले.

"सापडला," मी म्हटलं.

"घावला? मंग रडता कशापायी?"

मी त्यांना ट्रेमधली जोडी दाखवली आणि सांगितलं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. गायी-म्हशींत वाढलेला माणूस, नर-मादीचं त्याला काय सांगायचं?

"म्हंजे," ते हळू आवाजात म्हणाले, "साहेबांच्या हातात व्हता?"

"दर खेपेला."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मी बघितलंय ना. वंजळीत घेऊन सोडायचे. म्हनायचे, जा रे बाबांनो, तुमचं काय काम नाय."

मंदाबाईंनी तोंड फिरवलं. मग मी नळीत स्पिरिट ओतलं. जोडी तशीच नळीत सोडली. ती सुटली ती स्पिरिटमध्येच. मग आणखी सहा नर घेतले आणि बाकीचे पाण्यात सोडले. त्यांचं पुढे काय होणार हा विचार मला त्या क्षणी शिवला नाही. नर मिळाला होता, लेबलं लिहायची होती, दुपारची गाडी गाठायची होती. लेबलावर पकडणाऱ्याचं नाव असतं. तिथे दादाचं नाव लिहावं असं फार वाटलं. पण खाली तारीख लिहायची असते. मी माझं नाव लिहिलं.

निघताना समोरून पिवळं जेसीबी येताना दिसलं, एक दिवस आधीच.

पुन्हा नाशिक रोड

पुण्याच्या बाईंना फोन केला. त्या एकदम भरभर बोलायला लागल्या. असं होतं म्हणाल्या, या कुळात मादी मळकट आणि नर चमकदार असण्याची उदाहरणं आहेत, पण त्यांनाही कुणी चकचकीत नमुना पाठवला नव्हता म्हणून त्यांच्याही लक्षात आलं नाही. नमुने नीट असतील तर वर्णन लिहिता येईल. मग जरा अडखळत म्हणाल्या, "लेखात मागचा इतिहास द्यावा लागतो. नर इतकी वर्षं दुसरी जात समजून सोडून दिले जात होते, हे लिहावं लागेल. घरच्यांना चालेल ना?"

मी म्हणाले, विचारून सांगते.

वहिनी खोक्यांवर चिकटपट्टी लावत होत्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी वही मागितली. चष्मा लावून एकेका पानावर बोट ठेवत त्या वाचत गेल्या. या वह्या त्यांनी पूर्वी कधी उघडल्या असतील असं मला वाटत नाही.

"संध्याकाळी यायचे," त्या म्हणाल्या. "पँट गुडघ्यापर्यंत ओली. दारातूनच म्हणायचे, आजही नाही गं. आणि मी काय म्हणायचे माहितेय वन्सं? आधी हात धुवा. एवढंच. मिळेल हो, असं एकदाही म्हटलं नाही मी."

"मी तर फोनवर ऐकायचेही नाही, वहिनी."

त्यांनी चष्मा काढला. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता रडलो. नंतर मी बाईंचा प्रश्न विचारला. मला वाटत होतं त्या नको म्हणतील. मीही तेच म्हणणार होते. मेलेल्या माणसाची चूक कशाला छापायची?

"छापू द्या," वहिनी म्हणाल्या. "लोकांच्या चुका दाखवून पगार घेतला त्यांनी. स्वतःची झाकलेली त्यांना आवडली नसती." मग वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "पेट्या पुण्याला द्या. वह्या तुम्ही न्या. मला एक चाळण राहू दे."

धुतलेली चाळण त्यांनी खोक्यात ठेवली, तव्याच्या शेजारी.

कोल्हापूर

हे सगळं लिहायला बसले तेव्हा इथवरच लिहायचं ठरवलं होतं. पण परवा सकाळी निवृत्तीभाऊंचा फोन आला.

"ताई, कागद टाकून झाला. पानी आजून सोडलं नाय, परवा सोडनार. पर एक इचारायचं व्हतं. आज सकाळी बघतो तं कागदावं तुमचे भुंगे. ते चकचकीत आन् मळकट बी. कोरड्या कागदावं इकडून तिकडं चालत्यात. पानी नाय काय नाय, आले कशाला?"

मला ठाऊक होतं, दादाच्या वहीत आहे. हे भुंगे उडताना पाणी ओळखतात ते उजेडाच्या एका विशिष्ट चकाकीवरून. ताणलेला काळा कागद ती चकाकी पाण्यापेक्षाही जास्त देतो. तळं उकरलं तेव्हा जे उडून वाचले ते आपलं पाणी शोधत फिरले असणार, आणि जुन्या जागीच त्यांना ते दिसलं. निवृत्तीभाऊंना मी हे सांगितलं.

"आसं व्हय," ते म्हणाले. "ऊन चढल्यावं मराया लागले म्हून मी बादलीत गोळा केले. पानी टाकलंय. मंदीनं थोडं गवत टाकलंय. आता सोडू कुठं तेवढं सांगा."

"परवा शेततळ्यात पाणी येईल, त्यात..." असं मी म्हणाले आणि थांबले. पाण्यात भुंगा जगेल. पण त्याची अळी कोष करते ती काठाच्या ओल्या मातीत. कागदाला माती नाही. हे जगतील आणि यांच्यामागे कुणी नसेल.

"थांबा, वही बघते," मी म्हटलं. फोन कानाला धरूनच वह्या काढल्या. त्या भागातल्या तळ्यांची दादाने वेगळी यादी केली होती, प्रत्येकाला एक पान. पहिलं तळं: 'बुजवलं.' दुसरं: 'कागद.' तिसरं: 'आटलं, आत टोमॅटो.' चौथ्यावर फक्त आडवी रेघ होती. मी पानं उलटत गेले. लाल शाईने, मुंगीएवढ्या सुबक अक्षरात, प्रत्येकाखाली असंच काहीतरी लिहिलेलं होतं. शेवटचं पान निवृत्तीभाऊंच्या तळ्याचं होतं, त्याखालची जागा तेवढी कोरी.

"ताई? हायेत का?"

"आहे."

"कुठं सोडू मंग?"

मी म्हणाले, "आज बादलीतच राहू द्या."